सासूबाईंचं दुकान, डॉट झकास

"उघडा हो, उघडा माझं दुकान! त्यात संकोच कसला?" सासूबाई हॉस्पिटलच्या खरेदी विभागात खुर्ची अडवून बसल्या होत्या. "जावयाने करून दिलंय. आणि जावई कोण, तर तुमच्याच हॉस्पिटलातले. इथल्या सगळ्या कॉम्प्युटरांची राखण तेच करतात."

खरेदी विभागाच्या बाईंनी पत्ता टाइप केला: बटणघर डॉट झकास. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग लालभडक. त्या लाल पडद्यावर एक गृहस्थ उभे होते. गळ्यात टाय, कपाळाला आठ्या आणि उजवा तळवा वाहतूक पोलिसासारखा पुढे केलेला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'थांबा! हे स्थळ घातक आहे. या वस्तीत प्रामाणिक माणसं सहसा राहत नाहीत.'

खरेदीबाईंनी चष्मा सारखा केला. "हे तर आमच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख!"

"हेच माझे जावई," सासूबाई म्हणाल्या. "फोटो बरा आलाय. पण हात कुणाला दाखवताहेत?"

"तुम्हाला," खरेदीबाई हळूच म्हणाल्या.

यात खरेदीबाईंचा काही दोष नव्हता. उलट त्या सासूबाईंच्या बाजूच्या. हॉस्पिटल डॉक्टरांपासून लॉन्ड्रीपर्यंत सगळ्यांना नवे कोट शिवणार होतं. हे कोट उकळत्या पाण्यात धुतात, मग जाडजूड रोलरखाली दाबतात आणि थोड्याच दिवसांत बटणांचे तुकडे पडतात. ऑपरेशनला निघालेला सर्जन एका हाताने कोट धरून चालतोय, हे दृश्य खरेदीबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. सासूबाईंच्या बटणांचं मात्र काही वाकडं होत नव्हतं. नमुना म्हणून दिलेलं एक बटण खरेदीबाईंनी स्वतःच्या कोटाला लावलं होतं, आणि कोट विटला तरी बटण ढिम्म. पण हॉस्पिटलचा नियम असा की ज्या दुकानाची साइट हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर उघडते, त्याच दुकानाकडून माल घ्यायचा. मागणी साइटवरूनच जाणार, पैसेही तिथूनच. साइट उघडत नाही, तर दुकान नाही.

आणि सासूबाईंना ही मागणी हवीच होती. हल्ली शर्टाचं बटण तुटलं की लोक शर्ट टाकतात. त्यांच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत बटणांचे खण, पण दाराची घंटा दिवसातून एखाद्या वेळी वाजायची, तीही बहुतेक पत्ता विचारायला आलेल्याने वाजवलेली. ही मागणी मिळाली तर दुकान चालणार, नाही मिळाली तर वर्षअखेरीला कुलूप. इतका सरळ हिशेब होता.

दुपारी जावयाचा फोन वाजला.

"जावईबापू, जेवलात का?"

सासूबाई जेवणाची चौकशी अशा मधाळ आवाजात करतात तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं, एवढं शहाणपण जावयाला संसारात आलेलं होतं. "हो, जेवलो. का हो आई?"

"काही नाही, म्हटलं भरल्या पोटी विचारावं. मी घातक केव्हापासून झाले?"

जावयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या प्रकाशात त्याला स्वतःचाच तळवा दिसला.

"आई, तुम्ही नाही हो! तुमचं शेपूट घातक आहे."

"काय म्हणालात?"

"म्हणजे पत्त्याचं शेपूट. डॉट झकास. त्याचं असं असतं आई, प्रत्येक पत्त्याला शेवटी एक शेपूट असतं. काही शेपटं महाग असतात, तिथे पत्ता घ्यायचा तर शंभर चौकशा करतात. काही अगदी मातीमोल. कोण तुम्ही, कुठले तुम्ही, कोणी विचारत नाही. मग तिथे भामटे गोळा होतात. सकाळी दुकान मांडायचं, दुपारी लोकांना लुबाडायचं, संध्याकाळी पसार. त्यात हे झकास म्हणजे एकदम वरच्या नंबरात. दहातली सहा-सात दुकानं चोरांची! म्हणून आम्ही ते अख्खं शेपूटच बंद केलंय."

"बरं. म्हणजे गल्ली बदनाम. आणि त्या गल्लीत मला जागा कुणी घेऊन दिली?"



"ऑफर होती," जावई पुटपुटला.

आता या माणसाला काय म्हणावं? विद्वान होता, कष्टाळू होता, नाव ठेवायला जागा नव्हती. पण घरचं डोकं घरी आणि ऑफिसचं ऑफिसात, अशी त्याने आयुष्याची स्वच्छ वाटणी केलेली. घरच्या डोक्याने सासूच्या वाढदिवसाला स्वस्तातला पत्ता घेतला आणि 'नाव तरी बघा किती झकास' म्हणून कौतुकाने मिरवला. ऑफिसच्या डोक्याने पुढे कुठल्या शेपटावर किती भामटे याचा अहवाल वाचला, झकासवर नांगर फिरवला आणि लाल पडद्यासाठी टाय बांधून फोटो काढून घेतला. ही दोन डोकी एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. भेटली ती त्या दुपारी, आणि भेटल्याबरोबर दोन्ही दुखायला लागली.

घरी बायको वाटच बघत होती.

"आईचा फोन आला होता."

"मी करतो काहीतरी."

"कर. दुकान बंद झालं तर आई आपल्याकडे राहायला येणार. ये म्हणून मीच सांगितलंय. खणांसकट येईल, तुझ्या खोलीत भिंतभर बसतील." जावयाचा चेहरा पाहून ती हसली. "ते राहू दे. खरं सांगू का? मला खणांचं काही नाही. आईला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही रे. ते मला बघवणार नाही."

जावयालाही ते बघवणार नव्हतं. सासूबाईंचा त्याला धाक होता, पण त्याहून जास्त त्याचा त्यांच्यावर जीव होता. हे तो कोणाजवळ बोलत नसे, इतकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. शेपटं बंद करण्याची कल्पना साहेबांची. त्याबद्दल हॉस्पिटलच्या समितीने त्यांची पाठ थोपटलेली, तेव्हापासून साहेब पाठ टेकवून बसत नसत.

"एका साइटपुरती सूट हवी होती साहेब. मी स्वतः तपासलीय. अगदी निर्धोक आहे."

"कुणाची साइट?"

जावयाला खोटं बोलता येत नसे. "सासूची."

"वा! वा!" साहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे नियमाला भोक पाडायचं, आणि तेही सासूच्या मापाचं! उद्या मेहुणा येईल, परवा साडू येईल. भिंत आहे का चाळणी? अहो, तुमचाच फोटो आहे त्या पडद्यावर!"

 जावई जागेवर येऊन बसला आणि त्याने दुसरी वाट धरली. साइट उघडत नाही ना, मग सासूबाईंनी बटणांचे फोटो आणि भाव सरळ ईमेलने खरेदीबाईंना पाठवावेत. हरकत नसली तर निदान विचार तरी होईल. सासूबाईंनी पाठवले. पोचले नाहीत. पुन्हा पाठवले. पुन्हा नाहीत. संध्याकाळी जावयाच्या लक्षात आलं की सासूबाईंच्या प्रत्येक ईमेलखाली दुकानाचा पत्ता छापलेला असतो, आणि झकास दिसलं की ईमेल गिळायचं, हेही त्यानेच शिकवून ठेवलेलं. त्याने गिळलेल्या ईमेलांची कोठडी उघडली. लॉटरी लागल्याचं कळवणारे आणि परदेशी राजपुत्र यांच्या गर्दीत सासूबाई ओळीने बसलेल्या होत्या. पहिलं ईमेल 'आदरणीय महोदया' असं होतं. शेवटचं होतं, 'जावईबापू, हे पोचणार नाही हे मला कळून चुकलंय. तरी लिहिते, म्हणजे मन मोकळं होतं.'

मग त्याने तिसरा उपाय काढला. रात्री जेवायच्या आधीच सासूबाईंसाठी नवाकोरा, सभ्य, डॉट कॉमचा पत्ता घेतला. या वेळी ऑफर बघितली नाही. सगळं दुकान तिकडे हलवलं आणि हॉस्पिटलचा लॅपटॉप उघडून बायकोला म्हणाला, "बघ आता."

लाल पडदा आला. टाय आला. तळवा आला. 'थांबा! या पत्त्याला अजून महिनाही झालेला नाही. नव्या ओळखीवर विश्वास ठेवू नका.'

"हा कुठला नियम?" बायकोने विचारलं.

"भामटे नेहमी कोरे पत्ते घेतात," जावई लॅपटॉप मिटत म्हणाला. "म्हणून महिन्याच्या आतले पत्ते बंद. हा नियम मात्र माझा. साहेबांचा नाही."

बायको हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "अरे, चोर येवोत न येवोत, तुझ्या तावडीतून माझी आई काही सुटत नाही!"

समितीची बैठक गुरुवारी होती. मोठ्या टेबलाभोवती समितीची मंडळी, मधोमध अध्यक्ष म्हणजे हाडांचे बडे डॉक्टर, बाजूला साहेब. भिंतीवर भलामोठा पडदा, आणि त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरपाशी जावई. साहेबांनी त्याला मुद्दाम तिथे बसवलेलं. सासूबाईंना खरेदीबाईंनी आग्रहाने बोलावून घेतलं होतं. त्या मागच्या खुर्चीवर नमुन्यांची पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. जावयाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

खरेदीबाई पडेल आवाजात म्हणाल्या, "बटणघरची बटणं सगळ्यांत चांगली आहेत. मी स्वतः वापरतेय. पण त्यांची साइट आपल्याकडे उघडत नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे... दुसरं दुकान शोधावं लागलं. बटणसम्राट डॉट कॉम."

"उघडा," साहेब म्हणाले.

जावयाने पत्ता टाकला. साइट फाडकन उघडली. सोनेरी मुकुट, झगमगाट, पडदाभर बटणं.

"बघा!" साहेब समितीकडे वळले. "उघडली की नाही? शेपूट बघा, किती सभ्य! पत्ताही जुना आहे, कालचा नाही. याला म्हणतात खानदानी दुकान. नियम असले की असा फायदा होतो. हं, ते कॅटलॉग उतरवून घ्या म्हणजे मागणी नोंदवून टाकू."

जावयाने जड मनाने बाण 'कॅटलॉग उतरवा' या चौकोनावर नेला. बोट खाली जाणार, इतक्यात मागून आवाज आला.

"थांबा!"

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"तो अंगठा माझा आहे."

साहेब वैतागले. "बाई, कसला अंगठा?"

पडद्यावरच्या फोटोत एक पांढरंशुभ्र बटण होतं आणि ते चिमटीत धरणारा अंगठा होता. सासूबाई खुर्च्यांमधून वाट काढत तडक पडद्यापाशी गेल्या आणि त्यांनी आपला अंगठा त्या भोपळ्याएवढ्या अंगठ्याशेजारी धरला. नखाखाली कात्रीचा तिरका व्रण. इथेही, तिथेही.

"पुढचा फोटो दाखवा. हं! हा माझा गल्ला. हे माझं स्टूल, त्याचा एक पाय दोरीने बांधलाय, मीच बांधलाय. आणि मागे भिंतीवर ही दोन वेण्यांची, दात पडलेली मुलगी कोण? जावईबापू, तुम्ही तरी ओळखा. लग्न केलंयत तिच्याशी!"

जावयाने मान वर केली. बायकोच होती. वय वर्षं सात, पण हसू तेच.

त्या क्षणी त्याची दोन्ही डोकी एक झाली. त्याने बाण सोडला, वाकून भिंतीतली तार उपटली, आणि पडदा काळा झाला. "कोणी कशाला हात लावू नका! आईंचे फोटो चोरून दुकान मांडणारा बटणं कशाला विकेल? हे प्रकरण वेगळं आहे."

संशयित मालासाठी तो एक वेगळा लॅपटॉप बाळगत असे, हॉस्पिटलच्या कुठल्याही कॉम्प्युटरशी न जोडलेला. फोनचं इंटरनेट जोडून त्यावर त्याने ते कॅटलॉग उतरवलं. लॅपटॉप दोनदा गुरगुरला, सगळ्या फायलींवर कुलपाचं चित्र आलं आणि खंडणीचा संदेश झळकला. समितीतल्या कोणीतरी 'अरे बाप रे' म्हटलं. जावयाने पत्त्याचा इतिहास काढला. तो होता एका पक्षिप्रेमी मंडळाचा. मंडळ मोडलं, पत्ता बेवारस पडला, आणि गेल्याच महिन्यात नव्या लोकांनी तो उचलला. पत्ता जुना, आत माणसं नवी. शेपूट सभ्य, म्हणून साहेबांच्या नियमातून सुटला. वय जुनं, म्हणून जावयाच्या नियमातून सुटला.

"हे आपल्या कॉम्प्युटरवर उघडलं असतं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"पेशंटांचे रिपोर्ट, औषधं, ऑपरेशनच्या वेळा, सगळ्याला कुलूप लागलं असतं. किल्ली चोरांकडे."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते टेबलावर मूठ आपटून ओरडले, "डॉट कॉम बंद! आजपासून डॉट कॉम अख्खं बंद करा!"

"साहेब," जावई म्हणाला, "आपलं हॉस्पिटलही डॉट कॉमच आहे."

समितीतली सगळी मंडळी एकदम हसली. जावयाला त्या हसण्याने धीर आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबांपुढे न अडखळता बोलला. "शेपूट बघून सावध जरूर व्हावं. वाईट वस्तीत दोनदा कडी तपासावी. पण वस्तीवरून घराचा निकाल लावला की असं होतं. भला माणूस बाहेर राहतो आणि चोराला आपण या बसा म्हणतो. चूक माझीही आहे. मी दारं बंद करत बसलो, दारामागे कोण आहे ते पाहिलंच नाही. सगळ्यांसमोर बटणघर तपासतो. स्वच्छ निघालं तर तेवढ्या एका साइटला सूट द्या, साहेबांच्या भाषेत भोक पाडा. काही वावगं निघालं तर मी राजीनामा देतो."

सासूबाईंनी त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. बघताना डोळे भरून आले, पण ते त्यांनी डोळ्यात कचरा गेल्यासारखं करून निभावून नेलं.

जावयाने बटणघरचा कोपरा न् कोपरा तपासून दाखवला. धुतल्या तांदळासारखं स्वच्छ निघालं. तोवर अध्यक्षांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पिशवीतलं एक बटण खुर्चीच्या पायाखाली ठेवलं आणि आपल्या चांगल्या वजनदार देहासकट खुर्चीत दाणकन बसले. बटण जसंच्या तसं. फरशीचा टवका उडाला.

"माझ्या पेशंटांची हाडं अशी असती तर!" अध्यक्ष म्हणाले. "मागणी बाईंनाच द्या. कोटांचीच नाही, पडद्यांची न् उशांच्या अभ्र्यांचीसुद्धा. दरवर्षी. आणि ती सूट आत्ताच्या आत्ता द्या. भोक म्हणा, खिडकी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

टाळ्या वाजल्या. खरेदीबाईंनी तर सासूबाईंना मिठीच मारली. सासूबाईंनी पिशवी आवरली, निघताना साहेबांपाशी थांबल्या आणि त्यांच्या कोटाच्या पोटावरच्या मोकळ्या दोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमचं मी फुकट लावून देते. नियमात बसत असेल तर."

साहेबांनी निमूटपणे कोट काढून दिला.

त्या महिन्यात सासूबाईंच्या दुकानात दोन मुली कामाला लागल्या आणि दाराच्या घंटेला उसंत उरली नाही. जावयाला सासूबाईंनी स्वतः जेवायला बोलावलं, आणि टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. त्यानेही संधी साधली.

"आई, तो नवा पत्ता घेतलाय ना मी, त्याला आता महिना झाला. कुठेही अडणार नाही. आपण दुकान डॉट कॉमवर हलवू या."

"छे छे! नको."

"का हो?"

"तिथे फार चोर असतात," सासूबाई म्हणाल्या. "मी आपल्या या डोळ्यांनी पाहिलेत. आमच्या झकासमध्ये इतके दिवस काढले, एक तरी चोर दिसला का मला? सगळी आपली साधी माणसं."

जावयाने चमचा खाली ठेवला. दहातले सहा-सात, कुठे मोठी वस्ती न् कुठे छोटी, कुठल्या शेपटाचं प्रमाण काय, सगळं त्याच्या ओठांवर आलं. वस्ती आणि घर यांतला फरक त्याने भरल्या समितीत पटवून दिला होता. त्याने दीर्घ श्वास घेतला. बायकोने समोरून डोळे मोठे केले.

"आणि तो नवा पत्ता फुकट घालवू नका," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना देऊन टाका. सभ्य शेपटांची हौस त्यांना आहे."

जावयाने श्वास सोडला आणि भाजी वाढून घेतली.